पाचशे पंचवीसचा चोर

ही गोष्ट मी अजून माहेरी सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते, पण हातातला चहा आधी संपवा, मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या अतिशहाणपणापायी आमच्या सासऱ्यांनी एका सभ्य माणसाला चोर ठरवलं. तेही लातूरच्या भर रस्त्यात, दोन क्लासच्या पोरांसमोर!

लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. माहेर नांदेड, सासर लातूर. बघायला आले तेव्हा आमचे बाबा म्हणाले, "पोरगी बोलती कमी, पण कॉम्प्युटर शिकलेली हाय." कोर्स तीन महिन्यांचा. त्यातला एक महिना शिकवणारे सर कावीळ होऊन पडलेले. पण 'कॉम्प्युटर' ऐकून सासरे एकदम सावरून बसले. मुलाला बायको हवी होती आणि वडिलांना ऑपरेटर. एका पोह्याच्या बशीत दोन्ही कामं झाली.

सासऱ्यांचा क्लास होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामा गणित शिकवायचे, आमचे हे फिजिक्स. क्लासचा हॉल दोन गल्ल्या सोडून आणि ऑफिस घरातच, पुढच्या खोलीत. आता लातूरात एकटा क्लास कुठे असतो का? बरोबर आमच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, दुसरा क्लास. त्या सरांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. नुसतं 'समोरचा'.

रविवारी दोन्हीकडे टेस्ट. संध्याकाळपर्यंत पेपर तपासून व्हायचे, मग मार्क कॉम्प्युटरमधे भरून मेरिट लिस्ट काढायची आणि बाहेरच्या बोर्डावर लावायची. ज्याची लिस्ट आधी लागेल त्याचा क्लास खरा, असं पालकांनी परस्पर ठरवून टाकलेलं! समोरची लिस्ट आमच्याआधी लागायची. त्या महिन्यात चार पोरं रस्ता ओलांडून गेली होती. दर रविवारी मामा खिडकीत उभे राहून समोरचा बोर्ड बघायचे आणि मग माझ्याकडे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं!

दोष मशीनचा होता. प्रोसेसर चारशे सहासष्ट मेगाहर्ट्झचा, म्हणजे वेग बेताचाच. चारशे पोरांची नावं क्रमानं लावायला सांगितली की मधे वरणाला फोडणी देऊन यावं, तरी ते आपलं घरघरतंच आहे.

मग मला आठवलं. कोर्सला एकजण म्हणाला होता, प्रोसेसरला कंपनीनं नेमून दिलेला वेग असतो, पण आतल्या निळ्या पडद्यावरच्या सेटिंगमधे जाऊन तो थोडा वाढवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी शुक्रवारी दुपारी सगळे वामकुक्षीत असताना देवाचं नाव घेतलं आणि चारशे सहासष्टचे पाचशे पंचवीस केले. मशीन चालू झालं. धूर नाही, वास नाही. पडद्यावर ५२५! मला तर वाटलं आता सत्कारच होणार.

संध्याकाळी देवळातून आले, मशीन चालू केलं. चारशे सहासष्ट.

असेल काही, म्हणून परत वाढवलं. शनिवारी दुपारी चार वेळा बंद करून चालू करून पाहिलं. टिकलं की! संध्याकाळी देवळातून आले, चालू केलं. चारशे सहासष्ट. वर तारीखसुद्धा बदललेली, तीन वर्षांपूर्वीची एक जानेवारी. त्या रविवारची लिस्ट तीच तारीख छापून बाहेर पडली. आमची लिस्ट उशिरा येते असं लोक म्हणत होते, पण तीन वर्षं?

आता तुम्ही म्हणाल, लाईट जात असतील. मीही तेच धरलं होतं. पण आमची गल्ली दवाखान्याच्या लाईनवर, लाईट सहसा जातच नव्हते. मग राहिलं काय? वेग कुणीतरी कमी करतंय. आणि तारीख बदलतंय, म्हणजे मुद्दामच करतंय! आणि कधी? रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. मामा आणि हे क्लासला, मी आणि आत्या महादेवाच्या देवळात, घराला कुलूप.

मी हे फक्त ह्यांना सांगितलं. अगदी हळू. "अहो, आपल्यामागं घरात कुणीतरी येऊन कॉम्प्युटरला हात लावतंय."

ह्यांनी मामांना सांगितलं. मामांनी टेबलावर मूठ आपटली. "समोरचा!"

"अहो पण कुलूप असतंय की," आत्या म्हणाल्या.

"किल्ली केली असंल त्यानं! लिस्ट लेट व्हावी म्हणून करायलाय सगळं. लई दिवसांचा डोळा हाय त्याचा आपल्या क्लासवर."

मी म्हणणार होते की मामा, नक्की नाही. पण मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू होतीस म्हणून कळलं. आमच्या बापजन्मात ध्यानात आलं नसतं." आता सांगा, दोन महिन्यांच्या सुनेनं अशा वेळी तोंड उघडावं का? नाही उघडलं.

सापळा मंगळवारी लागला. मी साडेपाचला मशीनला पाचशे पंचवीसवर नेऊन मामांना दाखवलं आणि बंद केलं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा तास बुडवला. लोखंडी कपाटामागे खुर्ची टाकून, हातात फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास घेऊन बसले. आम्ही नेहमीसारखं निघायचं, बाहेरून कुलूप लावायचं, म्हणजे चोराला संशय येणार नाही. तसंच केलं. अगदी नेहमीसारखं.

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. भूकंप झाला तेव्हा औशाकडं आत्यांच्या भावाचं घर पडलं. माणसं वाचली, पण लोंबत्या तारेला चिकटून गाय गेली. तेव्हापासून आत्यांनी कायदाच केला, घर रिकामं सोडायचं तर मेन स्विच खाली पाडायचा आणि परत येऊन दार उघडलं की वर करायचा. मेन बाहेर ओसरीत, दारालगत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडं आलं. कुलूप, मेन, चप्पल. मुंडावळ्या उतरल्यापासून हात आपोआप चालायचा.

साडेसातला आम्ही परतलो, तर आतून दार बडवल्याचा आवाज.

"उघडा! आधी कुलूप उघडा!"

मी चपलेसकट धावत जाऊन कुलूप काढलं. दार उघडलं तर अंधारात मामा घामानं निथळत उभे, कंपास उगारलेला. मी मागे सरकले म्हणून वाचले.

"आला होता! इथं दारापर्यंत आला होता! तुम्ही गेल्या आन् लगेच खट्ट आवाज झाला. लाईट बंद! पंखा बंद! दीड तास मच्छर मारायलोय आत. लाईन तोडली त्यानं माझी!"

"अगं बाई! दिसला का?" आत्या.

"दिसंल कसा? अंधार केला न्हाई का त्यानं!"

आणि कंपास घेऊन मामा थेट रस्त्यापलीकडे. तिकडं आठवीचा तास नुकताच सुटून पोरं रेंगाळत होती, इकडून आमचे हे क्लासची पोरं घेऊन येत होते. जत्राच भरली. समोरचे सर बनियनवर, बहुतेक जेवायच्या तयारीत बाहेर आले.

"काय झालं सर? या की, बसा."

"बसायला न्हाई आलो! माझी लाईन का तोडली?"

"कुणी? मी? अहो, मी आत्ता आठवीला अपूर्णांक शिकवून आलोय."

"आन् रोज माझ्या कॉम्प्युटरला हात कोण लावतंय?"

समोरच्या सरांनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा कंपासाकडं. मग शांतपणे आतून बॅटरी आणली, रस्ता ओलांडला, आमच्या ओसरीत चढले आणि बॅटरीचा झोत मीटरच्या फळीवर टाकला.

"सर, लाईन कुठं तुटलीय? मेन खाली हाय नव्हं. कुणी पाडला?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. ह्यांनी पाहिलं. पन्नास-साठ पोरांनी पाहिलं. मी माझ्या उजव्या हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी," मी म्हणाले.

"कधी?" मामा.

"देवळात जाताना. रोजच पाडते."

"मी आत असताना?"

"नेहमीसारखंच करायचं ठरलं होतं ना, मामा."

आणि हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला, घरातला पडायच्या आधी. कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना वेग, तारीख सगळं तोच लक्षात ठेवतो. आमचा सेल नुकताच मेलेला. भिंतीतून वीज येतेय तोवर मशीन शहाण्यासारखं वागायचं आणि मेन पडला की सगळं विसरून चारशे सहासष्टवर. दुपारी चार वेळा टिकलं ते मेन वर होता म्हणून. घरात चोर खरंच होता. रोज सहाला माझ्याच बांगड्या घालून यायचा.

हे मी रडक्या आवाजात सगळ्यांना समजावलं. एका दमात एवढं बोलताना त्या घरानं मला पहिल्यांदाच ऐकलं.

समोरचे सर एवढे हसले की बॅटरी हातातून सुटली. "अहो सर, आमच्याकडंबी तारीख रोज मागं जायलीय! आमची मंडळीबी भूकंपापासून मेन पाडती. मी तर महिनाभर म्हणायलोय, हे तुमचंच काम हाय!"

मामांचा कंपास हळूच पाठीमागे गेला. आत्यांनी चहा टाकला. कितीतरी वर्षांनी समोरचे सर आमच्या घरात बसले. ते निघाले तेव्हा मामा म्हणाले, "उद्या सूनबाईला पाठवतो. तुमचा सेल बदलून देईल. बेजार केलं तुम्हाला, तेवढं तरी करू द्या."

दुसऱ्या दिवशी मी दोन सेल आणले. आधी आमच्या मशीनला बसवला, मग समोर गेले. समोरच्या वहिनींनी किती मान दिला म्हणून सांगू! कपबशी ठेवणीतली, वर बुंदीचा लाडू. सर म्हणाले, "पोरी, तुझ्यासारखं डोकं अख्ख्या गल्लीत न्हाई." काल पन्नास-साठ पोरांसमोर अब्रू गेलेली बाई मी, मला ते ऐकून काय झालं असेल?

रविवार आला. आमचं मशीन पाचशे पंचवीसवर ठाम. नावं झरझर क्रमानं लागली. प्रिंटरमधून शेवटचा कागद निघत होता, तेवढ्यात मामा खिडकीतून म्हणाले, "सूनबाई."

मी जाऊन उभी राहिले. समोरच्या बोर्डावर लिस्ट लागलेली. पोरं भोवती गोळा झालेली.

"त्यांचं मशीन एवढं जोरात कसं चालायलंय गं?"

"आपल्यापेक्षा नवीन आहे, मामा."

"ते मालूम हाय. तू तिथं नुसता सेलच बदललास ना?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सेल बदलला. आणि... वेगही जरा वाढवून दिला. त्यांच्याकडं टिकतो का बघावं म्हणून."

मामा कितीतरी वेळ समोरचा बोर्ड वाचत राहिले. मग म्हणाले, "मग? टिकला?"

"टिकला," मी म्हणाले.