भिंतीबाहेरची जागा

१. फादर बेनेडिक्ट मंगळवारी सकाळी अमरावतीच्या हॉस्पिटलमध्ये वारले.
२. गुरुवारी अकोल्यात, आमच्या चर्चच्या कब्रस्तानात, त्यांचं दफन झालं.
३. त्याच कब्रस्तानाची पडलेली मागची भिंत सोमवारपासून नव्याने बांधायची आहे.
४. त्या भिंतीची लाइन, म्हणजे पायाची आखणी, मी द्यायची होती. अजून दिलेली नाही.

ही पोस्ट चौथ्या मुद्द्यासाठी आहे.

फादरांनी आयुष्याचा मोठा भाग सेमिनरीत, म्हणजे जिथे फादर घडतात तिथे, थिऑलॉजी शिकवण्यात घालवला. म्हातारपणी ते अकोल्याला आमच्या चर्चमध्ये परत आले. इथेच त्यांची पहिली नेमणूक झाली होती.

त्यांनी जन्मभर एकाच प्रश्नावर लिहिलं. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेल्या लेकरांचं काय होतं?

आई एकदा रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर त्यांना म्हणाली, "फादर, दुसरा विषय नाही का तुमच्याजवळ?"

"हाच सरला नाही अजून, बाई."

आम्ही हसलो होतो.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, सर्व्हेचं काम करते. चर्चला नियमित जात नाही, हे फादरांना माहीत होतं. पावसाळ्यात काळी माती फुगली आणि कब्रस्तानाची मागची भिंत पडली, तेव्हा त्यांनी मला अमरावतीहून बोलावून घेतलं.

मी जुन्या पायावर मोजणीचं मशीन लावलं. ते छत्री घेऊन शेजारी उभे होते.

"इंजिनियर बाई, थे भिंत जरा तिकडं सरकवता येईन का वो?"

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हंजे जरा."

"फादर, तुमच्या थिऑलॉजीत चालत असेल. मोजणीत 'जरा' चालत नाही."

"आमच्यातबी नाही चालत," ते म्हणाले. मग पडलेल्या विटांवर बसले आणि त्यांनी सांगितलं.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ते नवे फादर होते, हाताखालचे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी एक माणूस टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ घेऊन आला. मुलगी. सकाळी घरीच जन्मली आणि दोन-तीन तासांत गेली. बाप्तिस्मा झालेला नव्हता.

त्याने कब्रस्तानात जागा मागितली.

फादरांनी नियम सांगितला. आत नाही. बाहेर, भिंतीला लागून.

तो माणूस म्हणाला, "काहून, फादर? इचं काय चुकलं?"

मग त्याने एकट्याने खड्डा खणला. फादर भिंतीच्या आत उभे राहिले. त्यांना फक्त कुदळीचा आवाज येत होता.

"नियम होता ना," मी म्हटलं.

"होता. पण मोठ्या फादरले विचारता येत होतं. थे बिशपले विचारू शकत होते. म्या विचारलंच नाही."

"का?"

"दुपारची येळ होती. थे झोपले होते. त्यायले उठवाची हिंमत नाही झाली मले."

बाप्तिस्मा नाही म्हणून त्या रजिस्टरात नाव नाही. दफन आत नाही म्हणून त्याही रजिस्टरात नाव नाही. पुढे फादरांनी त्या माणसाचा खूप शोध घेतला. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि बायको दर्यापूरकडची होती, एवढंच त्यांना आठवत होतं.

भिंत सरकवून ते लेकरू आत घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. जागेची अडचण अशी आहे. भिंतीपलीकडची पट्टी चर्चचीच आहे, पण तिच्यापुढे नाला आहे. त्यामुळे सगळी भिंत बाहेर नेता येत नाही. एका टप्प्यापुरती नेता येते. तो टप्पा कुठला, हे मला कळायला हवं. जुन्याच लाइनवर पायाचा चर खणला, तर खोदायचं मशीन त्या लेकरावरूनही जाऊ शकतं.

"पॉइंट दाखवा," मी म्हटलं.

ते कडुनिंबापाशी थांबले. मग पुढे गेले. मग कडुनिंबाच्याही मागे आले.

"फादर, या तीन जागा झाल्या."

नक्की आठवलं की फोन करा, असं सांगून मी मशीन गुंडाळलं. अंदाजावर लाइन द्यायची नाही, हे माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण त्याने जागा सापडत नाही.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली. ऑक्सिजन लावलेला होता. त्यांनी मास्क बाजूला केला.

"लाइन देली का?"

"नाही दिली."

"बरं केलं." मग म्हणाले, "मले जागा आठवत नाही वो. आवाज आठवते. कुदळीचा. आवाजावरून जागा निघते का तुह्या मशीनमधे?"

"नाही निघत, फादर."

"मी गेल्यावर लिहजो हे. माह्यं नाव टाकून लिही. कोणाले तरी ठाऊक असन."

म्हणून लिहिते आहे.

फादरांना पुढच्या ओळीत, क्रूसाजवळ पुरलं. तिथे फादरांचीच ओळ आहे. मागच्या भिंतीपासून ती सगळ्यात लांब पडते.

फादर, तुमचा निरोप नीट घेता आला नाही. काम राहिलं आहे.

अकोला, अमरावती, दर्यापूरकडच्या सगळ्यांना विनंती. तुमच्या घरात कुणी कधी म्हणालं असेल, की आपली एक पोर कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर आहे, तर मला सांगा. आईवडील आता नसतील. भाऊ-बहीण असतील. नाव सांगायची गरज नाही. फक्त जागा सांगा. झाड, दगड, फाटकापासूनची पावलं, काहीही.

"जरा इकडे" एवढंच माहीत असेल, तरी चालेल.

शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत, इथे किंवा मेसेजमध्ये कळवा.