हनानची तिसरी गैरहजेरी

“तुमच्यातल्यांना दुसऱ्याच्या दुःखात घुसायची भारी हौस गं!” मॅडम मराठीत म्हणाल्या. दोहातल्या खासगी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, रांग उभी असताना, हसत. समोरच्या रीमाला मराठी कळत नव्हते. हसू कळत होते.

मला दोन्ही कळले. मॅडम पुण्याच्या, माझ्या वरिष्ठ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे आडनाव दोनदा विचारून घेतले होते. ‘तुमच्यातले’ हा शब्द मी लहानपणी मराठवाड्यातल्या माझ्या गावी, आरोग्य केंद्राच्या पायरीवर ऐकला होता. तिथली सिस्टर, हात लागू नये म्हणून, आईच्या पसरलेल्या पदरात वरून गोळ्या टाकायची. एखादी घरंगळून मातीत जायची. आई ती पुसून मला द्यायची. ती कडू, मातकट चव अजून जिभेखाली आहे.

रीमा पॅलेस्टिनी, इथल्या शाळेत शिक्षिका. तिची धाकटी बहीण हनान गाझामध्ये. छातीत गाठ. तिकडे किरणोपचाराचे यंत्रच नाही, म्हणून रीमाने आमच्याकडे तारीख घेतली होती. बाहेर पडायची परवानगी मिळाली की हनान येणार. दोन तारखा गेल्या. परवानगीच्या यादीत तिचे नाव आले नाही.

न आलेल्या रुग्णासाठी आमच्या संगणकात एकच शेरा होता: गैरहजर. तीनदा गैरहजर, की फाइल बंद. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासण्या, रांगेचे शेवटचे टोक. पहिल्या दोन वेळा तो शेरा मीच टाकला होता. बोटाला काही जाणवलेसुद्धा नव्हते.

त्या दिवशी तिसरी तारीख होती. काचेबाहेर मुशैरिब भागातल्या क्रेन पांढऱ्या धुळीत संथ फिरत होत्या. फुटबॉल विश्वचषकासाठी शहर घाईने उभे राहत होते. आमच्याही भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. रीमाने हनानचा ध्वनिसंदेश लावून फोन माझ्या कानाशी धरला. मागे जनरेटरची घरघर, पुढे हनानचा आवाज. पहिल्या संदेशात ती एका दमात बोलली होती. आता दर दोन शब्दांमध्ये एक पोकळी होती.

“काय म्हणते?” मी इंग्रजीत विचारले.

“विचारते, आधी काय पूर्ण होणार? तुमचं स्टेडियम, की माझा कागद?” रीमा हसली. मग हसू विझले. “उख्ती, गैरहजर लिहू नकोस. बॅग भरून बसली आहे ती.”

उख्ती म्हणजे माझी बहीण. मी हेच मॅडमना सांगितले, तेव्हा ‘तुमच्यातल्यां’चे ते वाक्य आले. पाठोपाठ दुसरे: “टाक गैरहजर. फाइल खलास. यल्ला, चल, रांग वाढतेय.”

बोट बटणावर होते. आणि मला दिसले, वरून टाकणारा हात आता माझा होता.

मी हात उचलला. शेऱ्याखाली टिपणाची जागा असे, कुणी न वापरलेली. तिथे लिहिले: ‘रुग्ण यायला तयार. तिला बाहेर पडू दिले गेले नाही. तिन्ही वेळा.’ खाली माझे पूर्ण नाव, आडनावासकट. प्रत छापून रीमाच्या हाती दिली.

“पूस ते,” मॅडम म्हणाल्या. “तुझा व्हिसा कुणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना?”

“पुसणार नाही. आणि ‘तुमच्यातले’ म्हणजे कोण, ते सगळ्यांसमोर इंग्रजीत सांगा.”

मॅडम आत निघून गेल्या.

दुपारी त्यांनी स्वतः फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी मला दोहाबाहेर, अल वक्राच्या शाखेत पाठवले. तळघरात, सगळ्या शाखांच्या बंद फायली छापून ठेवतात तिथे. बुरशीचा दमट वास, ट्यूबलाइटची अखंड गुणगुण. एक अख्खे कपाट गाझाच्या पत्त्यांचे. गैरहजर. गैरहजर. गैरहजर. यांतले किती श्वास अजून चालू आहेत, हे सांगणारा रकाना कुठल्याच फायलीत नाही. हनानचा आठवडाभर संदेश नाही. रीमाही आता पुढच्या तारखेचे विचारत नाही.

हनानची फाइल मी आधी उघडली. पहिल्या दोन शेऱ्यांशेजारी लिहिले: ‘हे खोटे मी लिहिले होते.’ सही केली. मग पुढची फाइल घेतली, तिच्यावरचा फोन क्रमांक फिरवला. कुणी उचलले तर का येता आले नाही ते इंग्रजीत, मोडक्या अरबीत विचारते आणि जसे सांगतील तसे लिहिते. कुणी उचलले नाही तर तेही लिहिते.

मॅडमना हे कळेल. मला काढतील, विमानात बसवतील. त्या दिवशीही हातातली फाइल पूर्ण करूनच मी उठेन.