दहापैकी शून्य

मोठ्या माणसांना पैशातलं किती कळतं, ते मोजायला एक मॅडम टॅब घेऊन अंथुर्ण्यात आमच्या दारी आल्या. अन् पहिलं काम काय केलं, तर नवऱ्याला माझ्या शेजारी बसवून मला प्रश्न विचारायला लागल्या. एवढं शिकून काय उपेग!

"ताई, तुमची स्वतःची काही बचत आहे का?"

आमचे मालक माझ्या तोंडाकडं टक लावून बसलेले. लोणी देवकरच्या कंपनीत कामाला, अन् बोनस आला की मोबाईलवर शेअर का काय ते खेळायचे. घरात पैसा दिसला की ह्यांचे हात शिवशिवायचे. माझ्या चार शेळ्या होत्या, पण दावणीला एकही नाही. दोन कन्हेरीला बहिणीकडं, एक मावशीकडं, एक मैत्रिणीकडं. वाट्यानं दिलेल्या, म्हणजे निम्मी करडं सांभाळणारीची, निम्मी माझी. लेकीला बारामतीत नर्सिंगला घालायचं होतं, त्याची ही तजवीज. ह्यांना नुसता वास लागला असता, तर महिन्याभरात सगळ्या शेळ्या त्या मोबाईलात गेल्या असत्या.

म्हणलं, "माहीत न्हाय."

"बरं, सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवावेत, की वेगवेगळ्या?"

"माहीत न्हाय."

"अगं, वेगवेगळ्या!" मालक मधेच ओरडले. "एवढं बी कळंना व्हय? मॅडम, हिला सोडा, मला इचारा."

त्यांना दहापैकी दहा पडले. मला शून्य. मॅडमनी माझ्याकडं अशी कीव करून बघितलं, की वाटलं सांगावं, बाई, तुझं मापच खोटं हाय. संताप संताप झाला, पण गिळला. हे मात्र आठवडाभर पारावर आपले मार्क सांगत हिंडले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

लेकीचा नंबर लागला, फी भरायची वेळ आली, तेव्हा दहापैकी दहावाले खाली मान घालून बसले. सगळा बोनस एकाच शेअरमधी घातलेला, अन् तो बुडाला. लेक रडायला लागली. मी कन्हेरी गाठली, बोकड विकले अन् पहिल्या हप्त्याचे पैसे ह्यांच्या पुढ्यात ठेवले.

"कुठनं आणलंस?"

"शेळ्या हायत माझ्या. त्यांचं बोकड विकलं."

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. मला वाटलं, आता तरी चूक झाली म्हणतील. तर हळूच विचारतात कसे, "अजून किती हायत गं?"

पुढच्या वर्षाची फी तिकडं तीन घरी करडं होऊन उड्या मारत होती.

म्हणलं, "माहीत न्हाय."