चष्म्याच्या घरात मावणारा कॅमेरा

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या विशाखाताई दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. चाळ पाडली जाणार होती, म्हणून शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांची दारं त्या फोनमध्ये टिपत होत्या. फोन मुलाचा, प्रशिकचा जुना. त्याने जागा करायला सगळे फोटो पुसले. वर म्हणाला, "आई, दारांचे फोटो कोण ठेवतं?"

फोटो काढायचा एक मजला अजून उरला होता. दुसऱ्याच दिवशी त्या दादरला कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. विक्रेत्याने मोठ्या लेन्सचे कॅमेरे मांडले. ताईंनी सर्वांत लहान उचलला आणि चष्म्याच्या घरात घालून पाहिला. बरोबर बसला.

"काकी, यातले फोटो थेट मोबाईलवर जातात हां. घरी मुलाबिलाच्या फोनला जोडून देऊ?"

"नको जोडूस. हाच दे."

संध्याकाळी त्या एका दारासमोर उभ्या राहिल्या. चौकटीवर निळ्या रंगात 'जय भीम' लिहिलेलं होतं, खाली खोलीचा नंबर. त्यांनी फोटो काढला.

प्रशिकने मागून हात पुढे केला. "आण बघू, काय काढलंस?"

"माझा कॅमेरा आहे. आधी विचारायचं," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडे वळल्या.