गोठ्यातली भानामती

बसा जरा ऐसपैस, माझी एक फजिती सांगतो. हसू आलं तर दाबू नका. सारी वस्ती हसून दमली, त्यात तुमचं काय एवढं!

साल दुष्काळाचं. वडवणीच्या अलीकडं माळावर आमची वस्ती. विहिरींचे तळ दिसत होते, अन् आख्ख्या वस्तीत पाणी उरलं होतं एकाच बोअरला. बोअर माझ्या चुलतभावाची, दगडूची. माणसं टँकरवर भागवायची, पण जनावराचं त्यात काय होतंय? माझी एकुलती एक म्हैस रोज दगडूच्या हौदावर पाणी प्यायची. ती पाणी प्यायची म्हणून दूध द्यायची, दूध सोसायटीत जायचं म्हणून घरात चूल पेटायची. आमा दोघा म्हाताऱ्यांचा संसार त्या म्हशीच्या शेपटाला बांधलेला.

त्याच साली दूध सोसायटीची निवडणूक लागली. दगडू एका पॅनलमधून उभा राहिला, अन् मी हात वर केला दुसऱ्या पॅनलला. तरी दगडू निवडून आला. मला तोंडानं काही म्हणाला न्हाई. आता तुमीच सांगा, पडलेला माणूस गप बसतो ते ठीक हाय, पण निवडून आलेला कावून गप बसंल? माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

अन् एक दिवस सकाळी धार काढायला गोठ्यात गेलतो, सहज वर बघितलं. दाराशी जो दिवा हाय, त्याच्या वायरला काहीतरी लोंबत होतं. लांबट, मळकट गाठोडं, खाली शेपूट सुटलेलं. कोळ्याची जाळी, वाळका पाला, झाडाची सालपटं, असलं काय काय गुंडाळलेलं. जवळ जाऊन बघतो तर त्यात पांढरे केस. आमच्या म्हातारीचे! अन् त्याच्या शेजारी गुलाबी दोरा. माझ्या फेट्याचा!

आमच्याकडं शेंबड्या पोराला इचारा, माणसाचे केस अन् अंगावरच्या कपड्याचा दोरा कशाला चोरतात म्हणून. भानामती! अन् हे असलं जमवायला बाहेरचा माणूस कामाचा न्हाई. घरात ऊठबस असलेलाच पाहिजे. दगडूशिवाय दुसरं कोण?

भानामतीकडं टक लावून बघू नये म्हणतात. म्हणून मी डोळ्यावर उपरणं ओढून गोठ्यात जायला लागलो. मेढीला डोकं आपटून टेंगूळ आलं, ते बी मी दगडूच्याच नावावर लावलं. धारेला बसलो की वरून आवाज यायचा, चिक चिक चिक, कुणी दात विचकून हसल्यावाणी. मी मारुतीचं नाव घ्यायचो अन् धार अर्धी टाकून उठायचो.

पुढं तर दगडू रोज संध्याकाळी गोठ्यापुढं थांबायला लागला. वर बघायचा अन् गालातल्या गालात हसायचा. एकदा मला म्हणाला,

"तात्या, गोठ्यातला दिवा लावू नका थोडे दिस."

"कावून रे?"

"गरम होतंय त्याला. जपा बरं जरा."

कुणाला गरम होतंय, हे इचारायची माझी छाती झाली न्हाई.

घरी येऊन इचार केला. जो माणूस दोऱ्यावर करणी करतो, तो पाण्यावर करणार न्हाई का? लगेच म्हैस त्याच्या हौदावर न्यायची बंद केली. टेकडीच्या पलीकडं नाल्यात एक झिरा होता, तिथं न्यायला लागलो. म्हैस तिथं वाटीभर पाणी प्यायची, अन् उन्हातून परत येईस्तोवर तेवढं जिरून जायचं. दूध कमी झालं. मी मनात म्हणलं, बघा, लागली करणी! मग आणखी कमी झालं. मी म्हणलं, आता तर पुरती लागली. म्हातारी म्हणत होती की अवो, ती तहानंली हाय. मी तिला म्हणलं, भानामतीतलं तुला काय कळतंय, तू चुलीचं बघ.

शेवटी धारूरकडचा एक देवऋषी आणला. त्यानं नारळ अन् कोंबडी घेतली, डोळे मिटले, अन् म्हणाला, जवळच्या माणसाचं काम हाय. गाठोडं त्याच्यासमोर जाळा, करणाऱ्याचं तोंड काळं पडंल. आता दगडूचं तोंड उन्हानं मुळातच तव्यासारखं. त्यात आणखी काळं पडलेलं मला कळणार कसं, हे इचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूला बोलावलं. सोसायटीत दूध घालून माघारी येणारी चार माणसं बी थांबवली, साक्षीला. काठीला चिंधी गुंडाळली, रॉकेल लावलं, पेटवली. डोळे अर्धे मिटून मोठ्यानं म्हणलं की ज्यानं हे टांगलं त्यानं आता तोंड सांभाळावं. सगळी माणसं दगडूच्या तोंडाकडं बघायला लागली. मी काठी वर नेली. तेवढ्यात दगडूनं माझं मनगट धरलं.

"तात्या, थांबा. तुमच्या भानामतीला चोच हाय."

मी डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. गाठोड्याला कडेला भोक, अन् भोकातून बाहेर आलेली बारीक, वाकडी चोच. दुसऱ्या घडीला अंगठ्याएवढं पाखरू भुर्रकन माझ्या फेट्यावरून गेलं अन् पत्र्यावर बसून मला असं फैलावर घेतलं, की आमच्या सासूबाईंनी बी कधी घेतलं नव्हतं. आत पिल्लांच्या पिवळ्या चोची वासलेल्या. माझ्या फेट्याचा दोरा अन् म्हातारीचे केस त्यांच्या अंथरुणाला!

आधी कुणीच हसलं न्हाई. मग एकाच्या हातातली किटली पडली, घरंगळत गेली, अन् मग काय इचारता. माणसं मेढीला धरून हसत होती.

दगडू तेवढा हसला न्हाई. त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, मातीत विझवली. "म्हंजे मी करणी केली म्हणून म्हस हौदावर येत नव्हती?"

मी खाली बघितलं. आता हा म्हैस नका आणू म्हणाला, तर जायचं कुठं? झिरा बी आटत आलता.

दगडूनं म्हशीचं दावं सोडलं अन् तिला घेऊन पुढं निघाला. मी मागून. हौदात म्हशीनं तोंड घातलं ते वर काढीचना. ती पीत होती अन् मी कोपऱ्यात शाळेतल्या पोरावाणी उभा.

"तात्या," दगडू म्हणाला, "तुमी कुणाला हात वर केला ते मी तवाच इसरलो. तुमी कावून ध्यानात ठेवलं?"

मी म्हशीची पाठ खाजवत राहिलो.

थोड्या दिवसांत दूध पुन्हा पहिल्यासारखं झालं. घरात पुन्हा दुधाचा चहा झाला. मी कप घेऊन ओट्यावर बसलो अन् जरा ऐटीत म्हातारीला म्हणलं, "बघ, उतरली का न्हाई शेवटी भानामती?"

म्हातारी चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "उतरली कुठं? ही काय माझ्या पुढ्यात बसलीय, चहा पितीय."