लक्ष्मीपूजनाला उघडलेलं गोदाम

कंपनीवर दावा ठोकायला मी नवरदेवासारखा निघालो होतो. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, जीपमध्ये पुढची सीट. शेलूबाजारला हायवेलगतचं माझं गोदाम एका बियाणे कंपनीनं भाड्यानं घेतलेलं. कंपनीनं भाडं बंद केलं, आणि गोदामही सोडेना. इकडे माझं सोयाबीन घरात शिरलं. बैठकीत पोती, देवघरापुढे पोती. बायको म्हणाली, "गोदामाचे मालक, आता तुमी बाहीर झोपा." भाड्याचं पुढे पाहता आलं असतं. तूर यायच्या आत मला गोदाम रिकामं हवं होतं.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं एक कागद दाखवला आणि तो खाली बसला. कंपनी दिवाळखोरीत गेली होती. बँकांशी देण्याचा तोडगा निघेपर्यंत तिच्यावर कुणाचाच दावा चालणार नव्हता, जागेच्या मालकालाही तिला बाहेर काढता येणार नव्हतं. माझा दावा तिथेच थांबला. हे आपल्याला माहीत नव्हतं, असं माझ्या वकिलानं मला फी घेतल्यावर सांगितलं.

बाहेर कंपनीचा मॅनेजर चहा पीत उभा होता. इकडचाच, मेडशीचा माणूस.

"काका, कायले पेट्रोल जाळता? कंपनी बुडाली तरी तुमच्याच गोदामात राह्यते."

"बुडाली असती तर तेरवी घातली असती. हे तं मरूनबी जेवून राह्यली."

कंपनीचा कारभार आता नागपूरच्या एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होता. त्याला अर्ज केला. आत माल आहे, जागा लागते, असं उत्तर आलं. हे त्याला मॅनेजरनंच कळवलेलं. मला मात्र तो शटरला हात लावू देत नव्हता.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला गोदाम उघडतात आणि पहिला नारळ जागेचा मालक फोडतो. मी बायकोला, पूजेच्या ताटाला आणि बाजारातल्या चार दुकानदारांना घेऊन गेलो. मॅनेजर मोटरसायकल पिटाळत आला. किल्ली मागितली असती तर त्यानं कोर्टाचा कागद काढला असता. मी काहीच मागितलं नाही. बंद शटरपुढे दिवा लावला आणि डोळे मिटून हात जोडले. दारात लक्ष्मी आणि शटर खाली, हे इथे जन्मलेल्या कुणालाच सोसत नाही. शेवटी तोच पुटपुटला, "थांबा काका, बंद दारापुढं पूजा नोका करू." आणि त्यानं कुलूप काढलं.

आत एक मोडकी खुर्ची आणि रिकामे बारदाने. त्यावर मांजर व्यालेली. बायकोनं आरती सुरू केली. मी मोबाइलवर फोटो काढत होतो. लक्ष्मीचेच, पण मागे सगळं गोदाम येईल असे. मॅनेजरच्या ते आरतीच्या मध्यावर लक्षात आलं. टाळ्या थांबवता येईनात, आणि डोळ्यांनी तर तो मला खात होता.

फोटो नागपूरला गेले. सोबत नव्या वकिलानं सांगितलेलं एक वाक्य: तुम्ही कारभार घेतल्यापासूनचं भाडं कारवाईच्या खर्चात धरलं जातं आणि तो खर्च आधी चुकता करावा लागतो. रिकाम्या जागेसाठी कोण भरणार? अधिकाऱ्यानं गोदाम सोडलं.

किल्ली द्यायला मॅनेजर गोदामावर आला तेव्हा त्याचं तोंड वाकडं होतं.

"देवाच्या नावानं फसवलं तुमी मले."

"फसवलं कुठं? प्रसाद देल्ला न तुले."

तो त्या मोडक्या खुर्चीवर चढला आणि छताचा बल्ब काढून खिशात घातला. "हा कंपनीचा हाय."

"ने, बँकेले दे."

जुन्या भाड्यासाठी मी अजून बँकांच्या मागे रांगेत आहे. त्या संध्याकाळी हमाल दारात थबकले, आत काही दिसेना. बायकोनं मोबाइलची बॅटरी लावली आणि पहिलं पोतं कुठे टाकायचं ते दाखवलं.