गॅरेजातला ट्रक आणि ती बाई

कर्जतच्या आमच्या भातगिरणीसाठी जुनी गाडी घ्यायची होती. खालापूरच्या गॅरेजात दोन उभ्या होत्या, एक तीनचाकी टेंपो आणि एक दणकट ट्रक. माझं मन ट्रकवर बसलं होतं.

ट्रकजवळ विटक्या लुगड्यातली एक बाई पदराने मागच्या फाळक्यावरची धूळ पुसत होती. मला वाटलं, गॅरेजवाल्याच्या घरची असेल.

"काय वाहनार यातनं?" तिने विचारलं.

"भाताची पोती. आणि गावात लग्न निघालं तर वऱ्हाडही नेऊ की! एवढी मोठी गाडी."

तिचा हात थांबला.

"माजा मालक बी कुनाला नाय म्हनायचा नाय. माज्या लेकीचं वऱ्हाड घेऊन घाट उतरत व्हता. नवरीसकट सगळी गेली. ह्याच गाडीत."

मी गॅरेजवाल्याकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली.

"रोज येते," तो पुटपुटला. "प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते."

"गाडी चांगली हाय, घ्या तुमी," बाई शांतपणे म्हणाली. "फकस्त वर मानूस चढवू नका."

मी टेंपो घेतला; त्यात वऱ्हाड मावणारच नव्हतं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणण्याएवढा मी खंबीर नाही, हे मला तिच्यासमोर उभं असतानाच कळलं होतं.